तित्तराला पायच दिसत्यात

न्हावऱ्यात मी कुणाचाबी आवाज काढतो. एसटीच्या कंडक्टरचा, शाळेतल्या हेडसरांचा, डेअरीवर फॅट लावणाऱ्याचा. एकदा सरपंचांच्या आवाजात स्पीकरवरनं पाणी सुटल्याचं सांगितलं, तर निम्मं गाव हंडे घिऊन नळावर. पण माझा सगळ्यात चालणारा आयटम म्हंजी शेजारचे चाचा.

चाचांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. हाताला कायम वार्निशचा वास आन् मागं एक तित्तर. मागं म्हंजी खरंच मागं. कांदा काढताना कुणाला तरी बांधाला अंडी घावली, चाचांनी ती कोंबडीखाली ठिवली, त्यातलं हे एक जगलं. सकाळी चाचा टायरच्या चपला घालून माळावर निघायचे, आन् हे पारव्याएवढं करडं पाखरू पायाला चिकटून तुरुतुरु पळायचं. चाचा वारूळ फोडायचे, ते वाळवी टिपायचं.

"फॉरेस्टवाल्यांनी बघितलं तर तुमालाच पिंजऱ्यात घालतील," मी म्हणायचो.

"घालू दे की. त्यांना म्हणावं दोघांना एकच पिंजरा द्या."

त्याला बोलवायची त्यांची पद्धत ठरलेली. "आव बेटाऽ, आव," मग जिभेनं टक् टक्, आन् शेवटाला बिडीचा खोकला. मी मागनं तसंच काढलं की तित्तर चाचांना सोडून माझ्याकडं पळत यायचं. निम्म्यात थांबायचं, माझ्या बुटाकडं बघायचं आन् परत फिरायचं. चाचा खदखदून हसायचे. "माकडा, आवाज चोरशील. पाय कुठनं आणशील?"

थंडीत चाचा गेले. झोपेतच.

चाची इद्दतीत बसल्या. नवरा गेला की बाईनं काही महिने घराबाहेर पडायचं न्हाई, परक्या पुरुषासमोर यायचं न्हाई, अशी त्यांच्यात रीत हाय. दाराला पडदा लागला. ओट्यावर पिंजरा आन् पिंजऱ्यात तित्तर. ते खायचं बंद झालं. बाजरी तशीच, पाणी तसंच. छातीचं हाड वर आलं व्हतं त्याच्या.

मी नाइट शिफ्ट करून झोपलो व्हतो तवा आईनं हलवलं. "ऊठ. चाची बोलावत्यात. तित्तर सुटलंय."

पिंजरा आत घिऊन पाणी बदलताना ते चाचींच्या हातातनं निसटून कंपाउंडावरनं माळाकडं गेलं व्हतं. चाची उंबऱ्यापर्यंत धावल्या, आन् तिथंच थांबल्या. मी ओट्यावर गेलो तर पडद्याखालनं त्यांच्या पायाची बोटं दिसत व्हती, उंबऱ्याला लागलेली.

"बेटा, मला पुढं येता येत न्हाई," पडद्याआडनं आवाज आला. "माळावर मुंगूस हाय. अंधार पडायच्या आत ते घरात पायजे. त्यांच्या हातचं तेवढंच राहिलंय रे. तू त्यांचा आवाज काढतोस ना?"

मला वाटायचं ह्यांना म्हाईत न्हाई. "चाची, ते आपलं मजाक म्हणून..."

"मालूम हाय. भिंतीतनं ऐकायची मी. दोनदा तर फसून चहा टाकला व्हता."

मग पडद्याखालनं चाचांच्या टायरच्या चपला बाहेर आल्या. "ह्या घाल. त्याला तोंड कुठं दिसतंय? त्याला पायच दिसत्यात."

आई भिंतीपलीकडनं ओरडली, "गेलेल्या मान्साच्या चपला घालून भर दुपारचा माळावर जातो व्हय, मुडद्या!" पण तवर मी पाय घातला व्हता. चाचांच्या बोटांचे खळगे पडले व्हते रबरात. माझी बोटं त्यात एकएक करून बसली. हसू येईल असं वाटलं व्हतं. न्हाई आलं.

माळावर वारं पडलेलं. कुसळी गवत वाळून पांढरं झालेलं, बाभळीची सावली बुडाशी गोळा झालेली. सकाळ-संध्याकाळ तिथं रानातली तित्तरं नुसता कालवा करत्यात, आन् आत्ता एक हूं का चूं न्हाई. मी घसा साफ केला.

"आव बेटाऽ, आव." टक् टक्.

लांबनं एक तित्तर वरडलं. मग दुसरं, मग ओढ्याकडनं तिसरं. आन् एकदम सगळी गप. कुणीतरी हात वर केल्यासारखी.

आन् खोकला आला. बिडीचा, ओला, छातीतनं येणारा. मी काढायच्या आधीच आला. माझ्याच घशातनं आला, पण मी काढला न्हवता. आवाज काढणाऱ्याला त्यातला फरक कळतो.

"कोण हाय रं तिकडं?" बांधावर शेरडं घिऊन आमचे धनगराचे आबा उभे व्हते. चाचांचे चहाचे जोडीदार, रोज एक कप दोघांत.

माझी खोड जात न्हाई. मी चाचांच्याच आवाजात म्हणलो, "मैं हूं, और कौन!"

आबा मटकन खाली बसले. मी पळत गेलो, "आबा, मी हाय, मी!" म्हणालो, तवा त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं न्हाई, पायाकडं बघितलं. लई येळ बघितलं.

"तित्तर धुंडतोय," मी सांगितलं. "चाचींनी सांगितलं आवाज काढायला."

आबांनी काठीवर जोर दिला आन् उठले. "बोलवायला येतंय तुला. माघारी धाडायला येतंय का?"

"तित्तराला व्हय?"

त्यांनी शेरडं हाकली. वळून न्हाई बघितलं.

मी परत हाक मारली. ह्या टायमाला तरवडाच्या झुडपाखालनं ते आलं. मान लांब करून, थांबत थांबत. मी हललो न्हाई. ते चपलांपाशी आलं, डाव्या अंगठ्यावर टोचलं, आन् दोन पायांच्या मधी अंग फुगवून बसलं. वर एकदाबी बघितलं न्हाई. त्याला उचलून न्यायची गरजच पडली न्हाई. मी चालत राह्यलो, ते मागं.

पिंजऱ्यात गेल्यावर बी ते आवाजाशिवाय खाईना. मग रोज कंपनीतनं आलो की माळावरनं वारुळाचा तुकडा आणायचा, चाचांच्या चपला घालायच्या, ओट्यावर बसून हाक मारायची. ते खायचं. आत पडद्यामागं पाट सरकल्याचा आवाज यायचा, म्हंजी चाची ऐकायला बसल्या. झालं की मी चपला धुऊन, टोकं भिंतीकडं करून ठिवायचो आन् घरी जायचो.

एका सकाळी आतनं आवाज आला, "दवा घेतली का?"

माझ्या तोंडातनं गेलं, "ले ली." चाचांच्या आवाजात. तित्तर तेवढं टिपत व्हतं, टक् टक्.

मग एकदा पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला न्हाई आन् डबल शिफ्ट पडली. सगळी सकाळ मशीनवर उभा, डोळ्यापुढं पिंजरा. दोन दिवस आधीच त्याच्या अंगावर जरा मास धरलं व्हतं. दुपारी सुटलो आन् गाडी हाणत थेट चाचांच्या दारात.

ओट्यावर आलो. पिंजऱ्यात वारुळाचा तुकडा, ताजा, अजून ओला. वाळवी निम्मी संपलेली. तित्तर पोट भरल्यासारखं एका पायावर उभं, पापणी मिटून.

"आज लई लवकर येऊन गेलास," पडद्याआडनं चाची म्हणाल्या. "पहाटेची अजान बी झाली न्हवती. खोकला वाढलाय बेटा तुझा. आल्याचा चहा घेत जा."

मी भिंतीकडं बघितलं. चपला तिथंच व्हत्या. टोकं बाहेरच्या बाजूला. तळाला माळावरचा मुरूम, ओला, आन् पट्ट्यात अडकलेलं एक कुसळ.

आईला विचारता आलं असतं. आबांना विचारता आलं असतं. ती दोघं काय सांगतील ते ऐकायची माझी तयारी न्हवती. आन् पडद्याखाली चाचींची बोटं उंबऱ्याला लागून व्हती, त्या उत्तराची वाट बघत व्हत्या.

"व्हय चाची," मी माझ्या आवाजात म्हणालो. "गारवा लई व्हता."

त्या हसल्या. इद्दतीत पहिल्यांदा. मग आत पाट सरकला.

मी चपला नळाखाली धुतल्या. भिंतीकडं टोकं करून ठिवणार व्हतो. तित्तरानं डोळा उघडला, तारेतनं मान काढली आन् माझ्या हातातल्या चपलांकडं बघत राह्यलं. मग मी त्या व्हत्या तशाच ठिवल्या, टोकं माळाकडं.

सरपंचाचा आवाज काढतो मी अजून, कंडक्टरचा काढतो. चाचांचा काढत न्हाई. गरज पडत न्हाई. तित्तर येळंवर खातंय.