चंद्राक्काची सरी

चंद्राक्का सुई कधी खाली ठेवत नाही. काम थांबलं की ती सुई स्वतःच्या ब्लाउजच्या खांद्यात खोचते. चहा बशीत ओतते, पण स्वतः कपातूनच पिते. बशीतला गार झालेला सासऱ्यांपुढे सरकवते. फोन उचलला की कन्नडमध्ये ‘हेळी’ म्हणते आणि पलीकडे मराठी माणूस निघालं तर लगेच ‘बोला’ जोडते. माप टेपनंच घेते, मग डोळे बारीक करून त्यात मनानं थोडं वाढवते. का म्हणून विचारलं तर म्हणते, “लग्नात जेवणार नाहीस काय?” सांगितलेल्या तारखेला कपडा देते. पाऊस असो, ताप असो, वीज गेलेली असो.

आणि काहीही बेतशीर जमलं की ‘सरी’ म्हणते. टीप सरळ आली, सरी. दूध उतू जायच्या आत हात गॅसवर पोचला, सरी. हा शब्द बंगळूरच्या कन्नडमधला. ठीक, बरोबर, झालं, असे सगळे अर्थ त्यात येतात. बाकी तिचं मराठी निपाणीकडचं आहे.

मी बंगळूरच्या बसवनगुडीत तिच्या घरावरची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा नाशिकहून नुकतीच आले होते. एका कंपनीत मालिकांची उपशीर्षकं लिहायचं काम होतं. एम.ए.ला मी स्त्रियांच्या कष्टांवरची पुस्तकं वाचली होती. त्यांवर प्रबंधही लिहिला होता. त्या पुस्तकांतल्या बायका पुष्कळदा खिडकीत उभ्या असत. चंद्राक्काच्या खिडकीत शिलाईमशीन आहे. तिथं उभं राहायला जागा नाही.

तिचा नवरा शिवाप्पा काविळीनं गेला, तेव्हा ती माझ्या आताच्या वयापेक्षा थोडीच मोठी होती. माहेरचे न्यायला आले. ती गेली नाही. सासरे विठोजीमामा एकटे उरले असते, असं ती सांगते. मग लगेच म्हणते, माहेरी तरी मला कोण पंखा लावून बसवणार होतं. ती कपड्यांच्या कारखान्यात कॉलर जोडायला जाऊ लागली. तिथं उभं राहून पाय सुजले, तसं जुनं मशीन घेतलं आणि घरी ब्लाउज शिवायला लागली. हे सगळं ती हेम घालता घालता सांगते. मधेच दोरा दातानं तोडते. रडण्याची जागा कुठली, ते मला कधी कळलं नाही.

घर गोंधळ्यांचं. विठोजीमामा आयुष्यभर कापडाच्या दुकानात कामाला होते, पण बंगळूरच्या जुन्या मराठी घरांत लग्नानंतर देवीचा गोंधळ घालायचा तर त्यांनाच बोलावणं जाई. त्यांचा संबळ त्यांच्या आजोबांचा. तो भिंतीवरच्या खुंटीला, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला असे. हा वारसा बापाकडून मुलाकडे जायचा. शिवाप्पाकडे आला होता. तो गेल्यावर मामांनी पुतण्याला, संग्रामला, शिकवायला घेतलं. संग्राम गाडी चालवतो. त्याला तुणतुणं जमतं. संबळ कमरेला बांधला की तो हॉर्न वाजवल्यासारखा वाजवतो, असं मामा म्हणत.

त्या युगादीला, म्हणजे पाडव्याला, मामांनी निर्णय सांगितला. त्यांचा उजवा खांदा वर जाईना. संबळ नवरात्रात गावी न्यायचा, देवीआईच्या पायाशी ठेवायचा आणि गोंधळ संपवायचा. देवीकडे चिंध्यांत न्यायचा नाही, म्हणून त्यांनी सुनेला लाल खणाची नवी गवसणी शिवायला सांगितली.

चंद्राक्का ‘सरी’ म्हणाली. कापड बेतलं. तीन बाजू शिवल्या. मग ती गवसणी मशीनच्या खणात गेली.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी खालून संबळ ऐकू आला. दबलेला, पण स्वच्छ. मामांचा खांदा बरा झाला वाटून मी खाली धावले. मामा बागेत गेले होते. चंद्राक्का पदर खोचून उभी होती. संबळ कमरेला होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांवर टॉवेल टाकला होता. एका हातात सरळ काठी, दुसऱ्यात टोकाला वाकडी. खांद्यात सुई होतीच.

मी दारात तशीच राहिले.

“आत ये नाहीतर दार लाव,” ती म्हणाली. “टॉवेलला डोळे नसतात, शेजाऱ्यांना असतात.”

तिला कोणी शिकवलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत मामा आधी मुलाला आणि मग पुतण्याला शिकवत होते. आत ती असायची, आधी गॅसपाशी, मग मशीनवर. ठेका पायाशी यायचा, पाय पायट्यावर असायचा. चुकला की टीप वाकडी जायची. जमला की ती स्वतःशी ‘सरी’ म्हणायची. इतकी वर्षं ती शिवत होती आणि शिकत होती, आणि संग्रामच्या चुका भिंतीपलीकडून मोजत होती.

मामांना सांग, मी म्हणाले. ती म्हणाली, विचारलं तर सांगीन.

सांगायची वेळ जे. पी. नगरातल्या एका गोंधळानं आणली. नीलिमाताई म्हणून पुण्याच्या एक बाई मुलाकडे राहायला आल्या होत्या. मुलगा श्रीरंग इथं आयटीत. लग्न पुण्यात झालं, गोंधळ राहिला, आणि सुट्टी संपली. तो इथंच घालायचा होता. मामांनी होकार दिला. हा शेवटचा, म्हणाले. आणि गोंधळ तोंडावर आला असताना त्यांचा खांदा पुरता धरला. हात ताटापर्यंतही जाईना. त्यांनी सुनेला फोन करून नाही म्हणून कळवायला सांगितलं.

चंद्राक्कानं फोन हातात घेतला. मग तो मशीनवर ठेवला.

“मी वाजवते, मामा.”

“काय वाजवतेस?”

“संबळ.”

मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं, जणू हे खूळ मी पुस्तकातून आणलं होतं. “आपल्या घरात बाईनं आजवर संबळ कमरेला बांधलेला नाही, चंद्रा.”

“बाईनं मशीनही आणली नव्हती घरात. तिच्यावर शिवलेला अंगरखा घालताय की.”

मामा भिंतीला टेकून बसले. मग डोळे मिटून म्हणाले, “वाजव.” तिनं टॉवेलशिवाय वाजवला. समोरच्या घरातली धनलक्ष्मी गॅलरीत आली. मामांचे डोळे मिटलेलेच होते. संपल्यावर म्हणाले, डावा हात झोपलाय. एवढंच. दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतःच खुंटीकडे बोट दाखवलं आणि तिला डावा हात जागा करायला बसवलं.

पण दोन गोष्टी त्यांनी स्पष्ट केल्या. गिऱ्हाइकापासून काही लपवायचं नाही. आणि लोकांसमोर गोंधळ बिघडला, तर गवसणी पुरी करायची. नवरात्रात संबळ जाईल, मग पुन्हा हा विषय नाही.

फोन त्यांनीच केला, स्पीकरवर टाकून. सून वाजवणार आहे, आणि ती विधवा आहे, असं सरळ सांगितलं. नव्या जोडप्याच्या शुभकार्यात विधवेला सहसा कोणी पुढे उभं करत नाही. चंद्राक्का दोरा ओवत होती. तो सुईत जात नव्हता.

“वाजवता येतं ना?” नीलिमाताईंनी विचारलं.

“येतं,” मामा म्हणाले. मग जरा थांबून, “संग्रामपेक्षा चांगलं.”

गोंधळ त्यांच्या इमारतीच्या हॉलमध्ये होता. सुरक्षारक्षकानं दिवटी आत नेऊ दिली नाही. धुरानं छतावरची घंटा वाजते म्हणाला. म्हणून दिवटी व्हरांड्यात पेटवली आणि काचेचं दार उघडं ठेवलं. आत चौक मांडला होता. तांदूळ, कलश, खण, विड्याची पानं. मामा खुर्चीत बसले. त्यांनी गळ्यातली कवड्यांची माळ एका हातानं काढायचा प्रयत्न केला, जमेना, मग मान पुढे केली. चंद्राक्कानं ती काढली. त्यांनी खुणेनं सांगितलं, घाल. तिनं घातली. तेव्हा कुठे तिनं खांद्यातली सुई काढून माझ्याकडे दिली.

गोंधळात आधी देवांना बोलवायचं असतं. गावोगावच्या देवदेवतांना एकेक करून, या म्हणायचं. साथीदारानं मागून दाद द्यायची. साथीला संग्राम होता. पण समोर एवढे फोन आपल्यावर रोखलेले पाहून तो तुणतुण्याकडेच बघत राहिला. तोंड उघडेना.

चंद्राक्कानं तुळजापूरच्या आईला हाक घातली. संबळ कडाडला. ठेका नेमका जागेवर पडला. आणि दाद आली नाही त्या मोकळ्या जागेत, सवयीनं, तिच्या तोंडून निघालं, “सरी.”

मामांचे डोळे उघडले.

तिनं कोल्हापूरच्या आईला हाक घातली. ठेका बसला. “सरी.” या वेळी मोठ्यानं. तिचे कान लाल झालेले मला दिसले. थांबली असती तर ठेका तुटला असता. ती थांबली नाही.

समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी गोंधळ पूर्वी पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, हे आपण म्हणायचं असतं. जोतिबाला हाक गेली तेव्हा मागचा एक कुर्तेवाला मुलगा दणकून म्हणाला, “सरी!” पुढच्या देवाला दहाबारा जण. मग पुण्याच्या मावश्या, मग श्रीरंग, मग त्याची नवी बायको, मुंडावळ्या सावरत. सौंदत्तीच्या यल्लम्माची हाक आली तोवर सगळा हॉल एका आवाजात सरी म्हणत होता. देवाला या म्हणायचं, आणि माणसांनी ठीक आहे म्हणायचं. दारातल्या कन्नड सुरक्षारक्षकाला काय चाललंय ते एकट्यालाच कळत होतं. तो तोंडावर हात धरून हसत होता. मग तोही म्हणू लागला.

चंद्राक्कानं काठी वर धरली आणि त्यांच्यासाठी थांबली. ते म्हणाले. तिनं काठी सोडली. मी असं काही वाचलेलं नव्हतं. हातातली सुई मला टोचली, तेही नंतर कळलं.

आरती झाल्यावर नीलिमाताई मामांकडे आल्या. आमच्याकडे पुण्यात गोंधळ पाहिलेत, म्हणाल्या, पण हे ‘सरी’ कधी ऐकलं नाही. कुठल्या भागातली पद्धत?

चंद्राक्का संबळाची गाठ सोडत होती. तिचे हात थांबले. गोंधळ बिघडला की नाही, ते आता ठरणार होतं.

मामांनी सुनेकडे पाहिलं.

“आमच्या घरातली आहे,” ते म्हणाले. “सुनेनं आणली.”

परत आम्ही संग्रामच्या गाडीनं आलो. संबळ चंद्राक्काच्या मांडीवर होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मामांनी विचारलं, “तुळजापूरच्या आईला कन्नड येतं का गं?”

“नसेल येत तर स्वल्प शिकेल की.”

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. खांदा धरून हसत राहिले.

त्यानंतर फोन येऊ लागले. होसकोट्याच्या एका आजीबाईंनी विचारलं, ते सरीवालं करता ते तुम्हीच काय? चंद्राक्कानं हेळी, बोला, होय, असं सगळं एका दमात म्हटलं. संग्रामचा आवाज आता उघडलाय. दाद तोच देतो, पण लोक त्याला देऊ देत नाहीत. मामा सोबत जातात, खुर्चीत बसतात, आणि घरी आल्यावर डाव्या हाताच्या तक्रारी सांगतात. नवरात्रात गावी जाणं झालं नाही. गोंधळाच्या तारखा लागल्या होत्या.

दसरा झाल्यावर एकदा मामांनी मशीनचा खण उघडा पाहिला आणि गवसणीचं काय झालं म्हणून विचारलं.

“करते की,” ती म्हणाली. नजर टिपेवरून हलली नाही.

आजवर तिनं कोणाचा कपडा अडकवून ठेवलेला मी पाहिला नाही. लाल खणाची ती गवसणी अजून तिथंच आहे. तीन बाजू शिवलेल्या, चौथी उघडी. तिच्यात ती हूक, बटणं आणि दोऱ्याची रिळं ठेवते.