हिरव्या टिकची चौकशी

ऑफिसात सगळे त्यांना आत्या म्हणत. सॉफ्टवेअर बांधण्यात बावीस वर्षं घालवलेल्या या बाईंनी तीन महिन्यांत प्रॉडक्ट मॅनेजरनं केलेले अॅपचे तीन नमुने परत पाठवले होते. मॅनेजर तसा गुणी, पण एआय हाती आल्यापासून त्याला दम म्हणून धरवत नव्हता. शनिवारी दुपारी मशीनला चार वाक्यं सांगायची आणि सोमवारी चालतंबोलतं अॅप घेऊन हजर. साहेब त्याच्यावर खूश. आत्यांचा नन्नाचा पाढा आणखी एकदा ऐकावा लागला, तर टीम दुसऱ्या कुणाकडे देईन, असं साहेबांनी बजावलंच होतं. ती टीम आत्यांनी एकेक माणूस पारखून उभी केलेली.

चौथा नमुना होता डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावायचा. देखणा होता, खोटं कशाला बोला. बटणं मोजून दोन, अक्षरं चांगली टपोरी.

"एवढी मोठी अक्षरं कुणी सुचवली?" आत्यांनी विचारलं.

"मीच. आईला बारीक वाचता येत नाही."

आत्या मनातून विरघळल्या. बावीस वर्षांत हे त्यांना स्वतःलाही सुचलं नव्हतं.

"मग आईचाच नंबर लाव. उद्याचा."

त्यानं लावला. हिरवी टिक आली.

"आता दवाखान्यात फोन करून विचार."

तिथल्या रिसेप्शनिस्टनं दोनदा यादी पाहिली. त्या नावाचं कुणीच नव्हतं.

"पण टिक आली ना," तो म्हणाला.

"तू मशीनकडे मागितलीस म्हणून आली. दवाखान्याला कळवायचं तू कुठे सांगितलंस?"

"आई जाऊन बसली असती तिथे," तो एवढंच म्हणाला.

चारच्या मीटिंगला आत्या टीमला घेऊन, कागदावर मुद्दे काढूनच गेल्या.

"उद्यापासून दवाखान्यात सुरू करायचं ना?" साहेबांनी विचारलं.

आत्या घसा खाकरताहेत तोवर मॅनेजरच बोलला. "नाही साहेब. यात नंबर लागतच नाही, नुसता लागल्यासारखा दिसतो. मी फोन करून खात्री केलीय. आतलं सगळं आत्यांच्या टीमला नव्यानं बांधावं लागेल. चार आठवडे तरी."

साहेबांनी कपाळ चोळलं. "बरं, आत्यांची टीमच करू दे. पण चार आठवडे?"

आत्यांना भलतंच भरून आलं होतं. "चार कशाला, तीन आठवड्यांत देते," त्या बोलून गेल्या आणि लगेच जीभ चावली. टेबलाच्या त्या टोकाला त्यांच्या सगळ्या टीमनं एकदम माना वर केल्या.