प्रत्येक सूचनेखाली अल्पोपाहार

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यावर नव्या कार्यालयांबरोबर मराठी माणसेही आली. तात्यापारा या जुन्या वस्तीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना मात्र ती आली नाहीत. म्हणून मंडळाने ब्लॉग काढला. वर्तमानपत्रात काम केलेला सभासद मी एकटाच, त्यामुळे ब्लॉग माझ्याकडे आला.

‘प्रकाशित करा’ दाबताच आपोआप काही व्हावे असे वाटत असेल, तर त्या क्षणाला आपले फंक्शन, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांचा छोटा तुकडा, हुकसारखे अडकवता येते. मी एक अडकवले. मजकूर ईमेलने सगळ्या सभासदांना जाऊ लागला. दुसरे अध्यक्षांच्या आग्रहाने.

“अल्पोपाहार लिहिल्याशिवाय आपले लोक हलत नाही, भाऊ. अन् तुमी दरवेळी विसरून राहिले. कम्प्युटरलेच सांगून टाका न.”

तेव्हापासून प्रत्येक मजकुराखाली एक ओळ आपोआप जोडली जाई: ‘कार्यक्रमानंतर अल्पोपाहाराची व्यवस्था आहे. सहकुटुंब यावे.’ उपस्थिती वाढली. सूचना कशाची आहे हे फंक्शन पाहत नव्हते. तसे मी त्याला सांगितलेच नव्हते.

एका सकाळी पुरानी बस्तीतून एका सभासदाच्या मुलीचा फोन आला. वडील गेले होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाविरुद्ध लेखी तक्रार केली होती. नातेवाईक अमरावतीला, संध्याकाळपर्यंत पोचणे कठीण.

“काका, बाबा सबसे लड़े हुए थे. खांद्याला चार जण तरी येतील न?”

मी निधनवार्ता लिहिली, अंत्ययात्रेची वेळ दोनदा तपासली आणि प्रकाशित केली. लगेच अध्यक्षांचा फोन आला.

“अरे भाऊ, मयतीत नाश्ता काहून देऊन राहिले?”

मी घाईने दिलगिरी प्रकाशित केली: निधनवार्तेतला अल्पोपाहाराचा उल्लेख चुकीने झाला आहे, क्षमस्व. तिच्याखालीही अल्पोपाहार होता, सहकुटुंब.

“आता तिसरी नका टाकू,” अध्यक्ष म्हणाले. “हात जोडतो.”

दोन्ही ईमेल लोकांनी हसत एकमेकांना पाठवले. त्यामुळे जे मंडळाचे काही वाचत नसत, त्यांनाही वेळ आणि पत्ता कळला. संध्याकाळी गल्लीत स्कूटर लावायला जागा नव्हती. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी होत्या ते सगळे आले होते. एकदा आल्यावर मागे उभे राहणे कोणालाच बरे वाटेना. खांद्यासाठी पाळ्या लावाव्या लागल्या. पहिली अध्यक्षांनी घेतली. अग्नी मुलीने दिला.

परतताना मी तिची माफी मागितली.

“मेल मीही वाचला,” ती म्हणाली. “हँसी भी आई. तेरवीचं पण ब्लॉगवर टाकून द्या, काका. जेवण ठेवलं आहे.”