गिरजामाय आणि चौदा खुंट्या

आदिलाबादला आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. तिथे सगळे चपला घालूनच आत येतात. गिरजामाय मात्र पायरीखाली चपला काढायची. आठवडी बाजाराला ती नेरडीगोंड्याकडून अंबाडी आणि वांगी घेऊन यायची, आणि माल खपला की रिकामी टोपली आमच्याकडे ठेवून इतर कामं उरकायची. पहिल्यांदा मी तिला म्हटलं होतं, "माय, राहू द्या चपला. बाहेर चोरीला जातील."

"जाऊ दे वं," ती म्हणाली. "जिथं मानसाचं पोट भरते, तिथं वाहान घालून जाव नाई."

हे वाक्य मी दहा वर्षं ऐकलं आणि दहा वर्षं कानाआड केलं.

ती उंच, काटक होती. पदर कायम कमरेला खोचलेला. बोलता बोलता हात कुठे तरी कामाला लागलेले असायचे. दुकानात टेकली तरी पुड्याची सुतळी सोडवून तिची गुंडी करून ठेवायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माझ्या याद्यांचं तिला भारी नवल. मी यादी केल्याशिवाय साध्या लग्नालाही जात नाही. ती कागदावर बोट ठेवून विचारायची, "याच्यात मी कुठं हावो?"

"तुम्ही कशाला असाल माय? ही किराण्याची आहे."

"मंग अधुरी हाये तुयी यादी," असं म्हणून ती उठायची.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत माझी मुलगी सायली हैदराबादहून आली. बरोबर दोन वर्षांची मिनू आणि एक नवाकोरा तंबू. लेकराला मोकळ्यावर झोपवायचं, चांदण्या दाखवायच्या, असं तिच्या मनात होतं. जागा कुठली, हा प्रश्न मी सोडवला. गिरजामायला विचारलं. ती हरखून गेली. "ये ना वं! वावर का मी उचलून नेलं कुठं?"

मी त्रेचाळीस वस्तूंची यादी केली. मिनूचे दोन स्वेटर, तापाचं औषध, गरम पाण्याचा थर्मास, मच्छरदाणी, सुटे सेल. जागेसाठीही वेगळी ओळ होती: 'सपाट, खडे-काटे नसलेली, झाडाखाली नको.'

आम्ही चार वाजता पोचलो, तेव्हा गिरजामाय चारा आणायला गेली होती. एका बाजूला वेचणी संपत आलेला कापूस, दुसरीकडे कापून रचलेली ज्वारी, आणि मधोमध अगदी यादीतल्यासारखी जागा. गोल, गुळगुळीत, एक खडा नाही. मला इतका आनंद झाला! पायांत बूट तसेच ठेवून मी आणि सायलीने तंबू उभा केला. जमीन टणक होती. मी हातोडीने चौदा लोखंडी खुंट्या ठोकल्या, मोजून.

गिरजामाय डोक्यावर भारा घेऊन आली आणि त्या गोलाच्या काठाशी थांबली. भारा खाली ठेवला. चपला काढल्या. मी हातोडी हातात घेऊनच विचारलं, "कशी निवडली जागा?"

मिनू तेव्हा त्या गुळगुळीत जमिनीवर उघड्या पायांनी गोल गोल धावत होती आणि खिदळत होती. गिरजामायने तिच्याकडे पाहिलं.

"साजरी हाये," ती म्हणाली. "याहून साजरी जागा नाई या वावरात."

दिवेलागणीला मिनूने तंबूत भोकाड पसरलं. गादी नको, दूध नको, आजी नको. हैदराबादच्या पाळणाघरात शिकलेला एकच शब्द चालू होता, "वद्दु! वद्दु!" मी यादी काढून काय राहिलं ते बघत होते. गिरजामाय बाहेरून म्हणाली, "तेलगूत रुसते काय वं तू? आन इकडं तिले. त्या थैलीत कायले कोंडून राह्यल्या तिले?" तिने तंबूच्या तोंडाशी आपली गोधडी अंथरली, मिनूला मांडीवर घेतलं आणि तिचे तळवे हळूहळू चोळत बसली. दहा मिनिटांत मिनू झोपली. यादीतल्या त्रेचाळीसपैकी एकही वस्तू लागली नाही.

सकाळी खुंट्या उपटल्या तशी जमिनीला भोकं पडली, कडेची ढेपळं निघाली. मी पायाने माती सारायला लागले, तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, "राहू दे, राहू दे. मी पाह्यन."

पुढच्या बाजाराला टोपली घेऊन तिची सून आली. माय कुठे, असं विचारलं तर म्हणाली, "कंबर धरली त्यायची. खळं नव्यानं केलं ना. पुरं खंदलं, पानी मारलं, धुमसानं चोपलं, शेनानं सारवलं. मी म्हनलं मशीन बोलवू, तं आयकत नाईत. मशीन दाना फोडते म्हन्तात. बियाची जवारी खळ्यावरच काढाची."

मी बिल लिहीत होते. ते अर्धंच राहिलं. आमच्या घराण्यात तीन पिढ्या दुकानदारी. खळं म्हणजे धान्य मळायची जागा, एवढं मला शब्दाने माहीत होतं. त्यावर वहाणा घालून कुणी जात नाही, हेही कधीतरी ऐकलं होतं. पण डोळ्यासमोर आलं तेव्हा मला तिथे फक्त सपाट जागा दिसली.

गिरजामाय महिन्याने आली, जराशी वाकून चालत. मी तिला जवळजवळ रागावलेच. "माय, मला तेव्हाच का नाही सांगितलं? पाच मिनिटांत तंबू हलवला असता."

"काऊन सांगू? लेकरू नाचून राह्यलं होतं. अन् तू किती खुशीत होती, खिये मोजून मोजून ठोकून राह्यली होती!" ती तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, "तुले येवढंच लागलं असन, तं पुढल्या साली ये सारवाले. मिनूले आन. तिच्या हातानं एक बोट लावू."

मी तिच्यासमोर वही उघडली आणि लिहिलं: 'गिरजामायचं खळं सारवणे. मिनूला नेणे.' तिने ओळीवर बोट ठेवलं.

"आता मी हावो याच्यात?"

"आहात."

"वाच बरं."

मी वाचून दाखवलं. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

पुढच्या जानेवारीत दुकानाची रंगरंगोटी निघाली. त्यातच मिनूला सर्दी झाली. बाजारात गिरजामाय विचारायची, "कवा येतं वं?" मी म्हणायची, "पुढच्या आठवड्यात, नक्की." तिने दोन आठवडे वाट पाहून एकटीनेच खळं केलं. मी ती ओळ नव्या वहीत उतरवून घेतली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. राहिलेलं काम पुढच्या यादीत नेलं की ते जवळजवळ झाल्यासारखंच वाटतं मला. ती सवय मला पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडली आहे.

गेल्या पावसाळ्यात गिरजामाय वारली. दोन दिवसांचा ताप. आम्हाला कळलं ते बाजाराच्या दिवशी.

या जानेवारीत मी मिनूला घेऊन गेले. ती आता पाच वर्षांची आहे. वावरभर कापूस होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सून म्हणाली, "आता जवारी कोन लावते बाई? खळ्यावरूनई नांगर फिरवला." मी विचारलं, नेमकं कुठे होतं? तिने हात फिरवला. "इकडंच, मधात कुठंतरी."

चौदा खुंट्या मी मोजून ठोकल्या होत्या, पण ती जागा मला दाखवता येईना.

मी धुऱ्यावर, वावराच्या कडेच्या बांधावरच, चपला काढल्या. मिनूने विचारलं, "आजी, इथे का काढायच्या?"

"कुठे काढायच्या ते माहीत नाही म्हणून," मी म्हणाले. तिनेही काढल्या. पायाला ढेकळं बोचत होती. आम्ही दोघी ते सबंध वावर अनवाणी चालत गेलो.