सरांच्या साखळीची पहिली कडी

ताई, मी चौथीपर्यंतच शिकले, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल. चिमटा धरून धरून बोटं वाकडी झालीत, अक्षरही ओळीवर राहत नाही. सांभाळून वाचा. तोंडानं सांगायला मला जमलं नसतं. तेराव्याला तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "शालनमावशी, बाबांना शेवटी पटलं होतं का हो, देव आहे म्हणून?" मी व्हय म्हणाले. तुम्ही डोळे पुसलेत आणि पाहुण्यांनाही तसंच सांगितलंत. ते खरं नव्हतं.

सरांनी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, आणि मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहून हुपरीच्या चांदीवाल्यांकडून येणाऱ्या पैंजणाच्या कड्या चिमट्यानं जोडते. तुमची आई गेल्यावर सर दुपारी माझ्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. देवळात जायचे नाहीत, पोथीला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, लोकांचं ऐकून मानलेला देव मला नको, नुसत्या विचारानं तिथवर पोचता आलं पाहिजे. देव असेल तर तुमची आई कुठंतरी असेल, नसेल तर ती संपली... त्यासाठीच सगळं चाललं होतं. एकदा धीर करून विचारलं, "पण मला कशाला सांगतासा सर?" तर म्हणाले, "वाचलेली माणसं पुस्तकातलंच परत ऐकवतात. तुला पटलं की मी खरं मानीन."

मग ते सांगायचे. ज्याच्याहून मोठं काही मनातसुद्धा येत नाही, ते नुसतं मनातच कसं असेल? खरोखर असलेलं त्याच्याहून मोठं ठरेल ना? मला अर्धं कळायचं. मी व्हय सर म्हणायचे. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि व्हय म्हटलं की ते वहीत काहीतरी लिहायचे, त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना दम लागायला लागला होता. एका दुपारी माझ्या हातातल्या साखळीकडं बोट करून म्हणाले, "ही कडी कशाला अडकली?"

"मागच्या कडीला."

"आणि ती?"

"तिच्या मागच्या."

"असं मागं मागं गेलं तर पहिली कडी एखाद्या खिळ्याला अडकवलेलीच असणार, जो स्वतः कशालाच अडकलेला नाही. नाहीतर सगळी साखळी खाली पडेल."

मी काम न थांबवता बोलून गेले, "पडलेलीच हाय की सर. मांडीवर."

सर खूप हसले. "तीस वर्षं शिकवलं, वर्गात कुणी असं पकडलं नाही मला." मग हसणं थांबलं. माझ्या मांडीकडं बघत राहिले... म्हणाले, "शालन, मग आजवर व्हय म्हणत आलीस ते?" मी मान खाली घातली. त्यांना कळलं. रोज मी खुर्ची आत नेऊन ठेवायचे, त्या दिवशी त्यांनी स्वतः उचलली.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "माझं चुकलं सर. मी अडाणी." तर म्हणाले, "अडाणी नव्हेस, खरं बोललीस. चार वर्षं उशिरा." नंतर ते दारात बसले नाहीत. वहीत काही लिहितानाही मी त्यांना पाहिलं नाही.

सरांना दवाखान्यात ठेवलं होतं तिथं मी पेज घेऊन आले, तेव्हा तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. सर हळू आवाजात म्हणाले, "दर शुक्रवारी अंबाबाईला जातेस. तुला पुरावा लागला नाही कधी?"

"न्हाय सर. जायचं म्हणून जाते."

"मग तिला विचार, आमची ही तिथं आहे का. एवढंच विचार. मला विचारायला तोंड नाही."

तो शुक्रवारच होता. दोन तास रांगेत उभी राहिले. वाटभर तेच शब्द घोकत होते. समोर गेले, हात जोडले, आणि तोंडातून दुसरंच आलं... आई, तू तरी हाईस का? जन्मात मला हे विचारावंसं वाटलं नव्हतं. तेवढ्यात मागच्या बाईनं रेटलं, "चला की मावशी पुढं," आणि मी बाहेर आले.

पहाटे सर गेले. ताई, मी त्यानंतर देवळात गेले नाही. सरांचं विचारायचं राहिलंय, आणि कुणाला विचारायचं ते आता मलाही कळत नाही.