सिस्टरबाईंची सकाळची फेरी

"थांबा, आधी मला झोपू द्या."

पडद्याआडून ऐकलं म्हणून मी डोकावले. सिस्टरबाई चपला काढून आजोबांच्या खाटेवर चक्क आडव्या झाल्या होत्या. आजोबा खुर्चीतून बघत होते. त्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "इथून दिसतं काय? पंखा! माणसानं पंखा किती बघायचा?"

अर्धांगवायूनंतर आजोबांना शांतता मिळावी म्हणून आम्हीच त्यांना आतल्या खोलीत ठेवलं होतं. आई-बाबा दोघंही नोकरीला. बाबांनी वृद्धाश्रमाचा फॉर्म आणला, तेव्हा आईने "थोडं थांबू या" म्हणत सिस्टरबाईंना बोलावलं. त्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, मूळच्या मालवणकडच्या. मुलुंडमधल्या सहा म्हाताऱ्यांकडे रोज पायी जायच्या. कोण किती वाजता जागं होतं, त्यावर त्यांची फेरी ठरायची. वहीत प्रत्येकाचं एक पान. आजोबांच्या पानावर रक्तदाबाच्याही वर लिहिलं होतं, 'चहा बशीतून'.

"आजार सगळ्यांचे सारखेच गो," त्या म्हणायच्या, "सवयी वेगळ्या."

त्याच दिवशी खाट खिडकीशी आली. समोरच्या गच्चीवरच्या साड्या हलल्या की आजोबांच्या पांघरुणावर सावल्या पोहायच्या. त्या सगळ्या सकाळी मला अजून अर्धवट झोपेत पाहिल्यासारख्या आठवतात. निलगिरीच्या तेलाचा वास आणि दारातून हाक, "काय मुकादम, आज हजेरी की खाडा?" गिरणीत जन्म गेलेले आजोबा डावा हात वर करायचे. हजेरी!

मला त्यांनी पेपर वाचायला बसवलं. इंग्रजी शाळेत शिकलेली मी, जोडाक्षरांवर अडखळायचे. "अडखळ गो, खुशाल अडखळ. ते मनात दुरुस्त करतात. तेवढाच व्यायाम."

एका रविवारी त्या म्हणाल्या, "मुलगा बडोद्याला नेतोय. उद्यापासून मी नाही." आजोबांचे पाय चोळून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "त्यांना काय हवं, ते तुला माझ्याआधी कळतं. मग गप्प का बसतेस?"

त्या गेल्या. दुपारी बाबांनी फॉर्म पुन्हा टेबलावर ठेवला. "आता कोण करणार त्यांचं?" आजोबांनी खिडकीकडून तोंड फिरवलं.

बाबांसमोर माझा आवाज कधी फुटला नव्हता. मी फॉर्मवर हात ठेवला.

"बाबा, आजोबा कुठेही जाणार नाहीत. सकाळचं त्यांचं सगळं मी करीन, दुपारचं कॉलेज घेते."