उंटाचा पाय

सन २०१८. तेव्हा मी बासष्ट वर्षांचा. कामशेतहून भाड्यानं पाहुणे घेऊन कोकणात गेलतो. समुद्रकाठच्या मऊ वाळूत माझी फोर-व्हील ड्राइव्हची जीप रुतली. भरती चढत होती, आणि पोट त्या जीपवरच. भातखाचराच्या चिखलात देतो तशी मी रेस दिली, तर चाकं आणखीच खाली गेली.

एक उंटवाला म्हणाला, "भाऊ, चाकांतली हवा कमी करा."

"उंट हाकणाऱ्यानं मला शिकवू नगं!"

तो हसला. "ह्या उंटाचा पाय बघा, वाळूवर कसा पसरतो. हवा कमी केली की चाकही तसंच पसरतं." मग त्यानंच गुडघ्यावर बसून काडीनं चारी चाकांची हवा सोडली. जीप निघाली. मी थांबलो न्हाई. त्याचं नाव विचारायचं राहिलं, ते अजून डाचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपखालची वाळू बघून कामशेतच्या नाक्यावरचे गडी म्हणाले, "आबा, रुतलात की! काढली कुणी?"

"मीच," म्हणालो.